कचेरीतील अवघड बोलणे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बडोदे येथे योजलेल्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेचा गौरव व्हावा हे योग्यच आहे, आणि ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. चिटणिसांनी माझ्याकडे सोपवलेला विषय जरा निराळा आहे. कामाच्या जागी जे बोलणे जड जाते ते कसे बोलावे, असा तो विषय. विषय ऐकून कोणाला वाटेल की हा कचेरीतल्या साहेबलोकांचा प्रश्न आहे. तसे नाही. आपल्या बहुतेक घरांतून कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी कारखान्यात, कोणी इस्पितळात काम करीत आहे. शिवाय हा आपला न्यास हीसुद्धा एक कामाची जागाच आहे. येथे हिशेबनीस आहेत, वसतिगृहाचे व्यवस्थापक आहेत, स्वयंपाक करणाऱ्या बाई आहेत, रात्रीचा पहारेकरी आहे. जेथे चार माणसे एका कामाला जुंपलेली असतात, तेथे कधी ना कधी कोणीतरी कोणाला तरी न आवडणारी गोष्ट सांगावी लागतेच.

ती गोष्ट कोणती? हाताखालच्या माणसाला त्याची चूक दाखवणे, वरिष्ठाला ‘हे मला योग्य वाटत नाही’ असे सांगणे, बरोबरीच्या सहकाऱ्याला त्याने केलेल्या अन्यायाची जाणीव देणे, बढती मागायला आलेल्याला नकार देणे, आणि सर्वांत कठीण म्हणजे, ज्याने उमेद खर्ची घालून सेवा केली त्याला ‘आता हे काम तुमच्याने होत नाही’ असे सांगणे. या पाचही प्रसंगी आपली जीभ अडखळते. ती अडखळावी यात गैर काही नाही. दुसऱ्याला दुखावताना ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या हाती माणसे न देणेच बरे. प्रश्न असा की, जीभ अडखळली म्हणून गोष्ट सांगायचीच राहिली, तर पुढे काय होते?

आपल्याकडे म्हण आहे की भीड ही भिकेची बहीण. भिडेखातर गप्प बसणारा स्वतःचे नुकसान करून घेतो, एवढाच अर्थ आपण तिच्यातून काढतो. कामाच्या जागी मात्र भिडेची किंमत बहुधा तिसराच कोणी देतो. व्यवस्थापकाने वाढप्याला बोलायचे टाळले, तर वसतिगृहातला मुलगा अर्धपोटी उठतो. मुख्याध्यापकांनी शिक्षकाला बोलायचे टाळले, तर वर्ग बुडतो. गप्प बसणारा स्वतःला सज्जन समजतो, ऐकून न घेणारा सुखात राहतो, आणि ज्याला या सभेत बोलायला जागाच नाही तो भोगतो. म्हणून मी असे म्हणेन की, अवघड बोलणे टाळणे याला सौजन्य म्हणण्याची आपली सवय मोडली पाहिजे.

भिडेची दुसरी तऱ्हा आपल्या घराघरांतून चालत आलेली आहे: लेकी बोले, सुने लागे. ज्याला सांगायचे त्याला न सांगता, तो ऐकेल अशा बेताने दुसऱ्यालाच बोलायचे. कचेरीत हीच कला चांगली फोफावते. सभेत ‘काही लोक वेळेवर येत नाहीत’ असे मोघम बोलायचे, म्हणजे वेळेवर येणारे सर्वजण खाली मान घालतात आणि उशिरा येणारा निर्धास्त राहतो. पूर्वी यासाठी निदान सभा बोलवावी लागे. हल्ली व्हॉट्सॲपच्या गटावर सकाळी एखादे सुभाषित टाकले की काम झाले. पन्नास माणसे ते वाचतात, त्यांतल्या पाच जणांना वाटते की हे आपल्यालाच, आणि ज्याच्यासाठी टाकले तो त्याला अंगठा दाखवून मोकळा होतो.

हे झाले टाळणे. आता बोलणे म्हणजे काय, याचा एक दाखला आपल्या इतिहासातून घेऊ. थोरले माधवराव पेशवे १७६१ साली गादीवर आले तेव्हा सोळा वर्षांचे होते. त्यांच्या पदरी रामशास्त्री प्रभुणे हे न्यायाधीश. माधवरावांचा बराच वेळ जपजाप्यात जाऊ लागला, तेव्हाची हकीकत ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. शास्त्रीबुवा काही राजकाजासाठी गेले असता पेशवे मौन धरून बसलेले दिसले. शास्त्रीबुवा परतले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. पेशव्यांनी आदल्या दिवशीच्या प्रसंगाचे कारण सांगितले. तेव्हा शास्त्रीबुवांनी स्पष्ट शब्दांत मांडले की, ब्राह्मणाचे नित्यकर्मच करायचे असेल तर राज्य सोडून माझ्याबरोबर गंगातीरी चला; राज्य करायचे असेल तर प्रजेचे हित हाच तुमचा धर्म. माधवरावांनी ते मानले आणि तो क्रम सोडला.

ही गोष्ट आपण लहानपणापासून बाणेदारपणाची म्हणून ऐकतो. मला तीत बाणेदारपणाहून अधिक दिसते ती बोलण्याची रीत. शास्त्रीबुवांनी दरबारात चारचौघांत तोंड सोडले नाही, आणि बाहेर जाऊन कुजबुजही केली नाही. ज्याला सांगायचे त्यालाच सांगितले, आणि तेही दुसऱ्याच दिवशी. पेशव्यांचा स्वभाव वाईट आहे असे ते म्हणाले नाहीत. एका वागणुकीविषयी बोलले. पुढे दोन वाटा स्वच्छ दाखवल्या. आणि बोलण्याची जी किंमत पडेल ती स्वतः देण्याची तयारी ठेवूनच तोंड उघडले. तसेच माधवरावांचेही. सत्ता हाती असताना नोकराचे ऐकून घेणे हे सांगणाऱ्याच्या धैर्याइतकेच मोठे आहे.

परंतु प्रत्येक वेळी असा शेवट होतोच असे नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. चौकशीअंती याच रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना तोंडावर सांगितले की, या पापाला देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही. रघुनाथराव काही बदलले नाहीत. शास्त्रीबुवा पुणे सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. तेव्हा अवघड बोलणे यशस्वी होते म्हणून बोलायचे असे नव्हे. काही वेळा ते केवळ बोलले गेले पाहिजे म्हणून बोलायचे असते.

आणि बोललेच गेले नाही तर काय होते, याचा दाखला शोधायला आपल्याला या गावाबाहेर जायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या साहाय्याने १९१३ साली अमेरिकेत शिकायला गेले आणि करारानुसार १९१७ साली नोकरीसाठी येथे आले. त्या काळी हे संस्थान पुढारलेले म्हणून देशभर नावाजलेले होते. १९०६ साली सबंध राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणारे आणि अस्पृश्यांसाठी शाळा काढणारे सयाजीराव महाराज गादीवर होते. तरीही कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबूनच टाकीत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. राहायला सरकारी बंगला मिळावा म्हणून केलेला त्यांचा अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले होते. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून निघून जायला सांगितले. त्यांनी दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला. एकाने घरचे नोकर सोडून जातील अशी अडचण सांगितली; दुसऱ्याने पत्नीला विचारून सांगतो म्हटले. शेवटी ते कामाटी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

मंडळी, यात जातिभेदाचे जे पाप आहे त्याला मी केवळ बोलण्याचा दोष म्हणून लहान करू इच्छीत नाही. पण आपल्या विषयापुरते एवढे पाहा. वरची आज्ञा चांगली होती, खालची वागणूक वाईट होती, आणि मधल्या अधिकाऱ्यांपैकी कोणी त्या शिपायांना समोर उभे करून ‘या कचेरीत हे चालणार नाही’ असे बजावल्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही. अर्ज फिरवीत राहणे हाही न बोलण्याचाच एक प्रकार. नकाराचे शब्द गोड असले, तरी बागेत बसलेल्या माणसाला त्या गोडव्याचा काय उपयोग? आपल्या कचेरीत अपमान कोणाचा होतो आणि तो पाहून गप्प कोण बसतो, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही शिळा झालेला नाही.

वरिष्ठ आणि कनिष्ठ यांचे झाले. बरोबरीच्या माणसांत हे बोलणे अधिकच बिकट होते, कारण तेथे निवाडा द्यायला कोणी वर नसतो. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली ती अशा जिवलग मंडळींच्या त्यागावर. पुढे सहाच वर्षांत, १८९० साली, टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. सभासदांनी किती वेतन घ्यावे, बाहेरची कामे आणि मिळकत करावी की नाही, हे वादाचे मुद्दे होते. त्यांत समाजसुधारणेवरील मतभेद मिसळले आणि वर्तमानपत्रांतील टीकेने ते अधिक कडवट झाले. दोघेही थोर, दोघेही निःस्वार्थी. तरी ते एकत्र राहू शकले नाहीत. आपल्यासारख्या लहान संस्थांनी यातून घ्यायचे ते इतकेच की, पैसा, वेळ आणि अधिकार यांविषयीचे बोलणे मने निर्मळ असतानाच करून कागदावर उतरवावे. आणि एका वेळी एकच वाद घ्यावा. वेतनाच्या वादात मतांचा वाद आणि मतांच्या वादात स्वभावाचा वाद मिसळला, की गाठ सुटत नाही.

आता व्यवहाराकडे येऊ. एक प्रसंग कल्पनेने समोर ठेवतो. तो कोणत्याही धर्मादाय संस्थेत घडण्यासारखा आहे. संस्थेचे एक जुने हिशेबनीस आहेत. सारे त्यांना नाना म्हणतात. तीस वर्षे अल्प मानधनावर त्यांनी पै न पैचा हिशेब ठेवला. आता दृष्टी मंदावली आहे. संगणकाशी त्यांचे जमत नाही. पावत्या किर्दीत चढायच्या राहतात, खतावणीचा मेळ बसत नाही, आणि त्यामुळे मुलांच्या शिष्यवृत्तीचे धनादेश दोन महिने उशिरा निघतात. सर्वांना ठाऊक आहे, पण ज्यांच्या मांडीवर आपण खेळलो त्या नानांना सांगणार कोण?

अशा वेळी संस्था बहुधा काय करतात? रात्री एखादा तरुण मुलगा बसवून वह्या गुपचूप दुरुस्त करून घेतात. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. एके दिवशी नानांना ते बाहेरून कळते. ते किल्ल्या टेबलावर ठेवून घरी जातात आणि पुन्हा पायरी चढत नाहीत. त्यांना दुःख चुका दाखवल्याचे नसते. सगळ्यांना माहीत असून आपल्याला एकट्यालाच कोणी सांगितले नाही, याचे असते. ज्या अपमानातून त्यांना वाचवायचे म्हणून सारे गप्प बसले, तोच अपमान दुप्पट होऊन त्यांच्या वाट्याला येतो.

मग बोलायचे कसे? पहिली गोष्ट, बोलण्याआधी आपले मन आणि आपले कागद दोन्ही तपासावे. मला राग काढायचा आहे की काम सुधारायचे आहे? राग काढायचा असेल तर त्या दिवशी बोलू नये. कागद तपासायचे ते अशासाठी की, ‘तुमचे हल्ली लक्ष नसते’ या वाक्यावर भांडण होते, पण ‘गेल्या महिन्यात या तीन पावत्या चढल्या नाहीत’ या वाक्यावर भांडता येत नाही. पहिले वाक्य माणसावर आहे, दुसरे कामावर आहे.

दुसरी गोष्ट, जागा आणि वेळ. जिन्यात, जेवणाच्या पंगतीत, सणाच्या आदल्या दिवशी किंवा फोनवरच्या संदेशातून असे बोलणे करू नये. समोरासमोर, दार लोटून, दोघांनाही बसायला सारखी खुर्ची असताना करावे. आपण बसून दुसऱ्याला उभे ठेवले, तर अर्धा निकाल आधीच दिल्यासारखा होतो.

तिसरी गोष्ट, सुरुवात. मुलाबाळांची चौकशी, हवापाणी, जुन्या आठवणी अशी पाव तासाची प्रस्तावना करू नये. बोलावणे आले तेव्हाच समोरच्याने ओळखलेले असते, आणि त्या पाव तासात त्याचा जीव टांगणीला लागतो. ‘नाना, किर्दीविषयी बोलायचे आहे. तीन पावत्या राहिल्या आहेत आणि मुलांचे पैसे लांबले आहेत. काय अडचण होते ते मला तुमच्याकडून समजून घ्यायचे आहे.’ एवढे पुरे. येथे ‘नाना’ ही हाक सोडायचे कारण नाही. नात्याची हाक आणि कामाचा प्रश्न एका वाक्यात सुखाने नांदू शकतात. उलट ‘हिशेबनीस साहेब’ असे एकाएकी म्हटले, तर ते अधिक लागेल.

चौथी गोष्ट, त्यानंतर आपण गप्प बसावे. ही सर्वांत अवघड. समोरचा काही वेळ बोलत नाही, तेव्हा ती शांतता आपल्याच्याने सोसवत नाही, आणि आपण आपलेच म्हणणे पातळ करू लागतो. तसे करू नये. नाना कदाचित म्हणतील, ‘पावत्या माझ्याकडे महिनाअखेर एकदम येतात. गोळा करणारा वेळेवर देत नाही.’ ते खरे असेल तर दोष दुसरीकडेच निघाला. कदाचित म्हणतील, ‘डोळ्यांना दिसत नाही रे, पण सांगायचे कोणाला?’ म्हणजे तेही आपल्यासारखेच, भिडेपोटी बोलायचे थांबले होते. ऐकल्याशिवाय यातले काहीच कळत नाही.

पाचवी गोष्ट, शेवट. उठण्यापूर्वी काय ठरले ते दोघांनीही बोलून दाखवावे: डोळ्यांची तपासणी कधी, मदतनीस कोण, रोजची किर्द कोण लिहील, नाना त्यावर नजर ठेवतील की निवृत्त होतील, आणि पुन्हा कधी बसायचे. ठरलेले चार ओळींत लिहून एक प्रत त्यांना द्यावी. निवृत्तीच ठरली, तर तीही स्वच्छ सांगावी. ‘थोडे दिवस विश्रांती घ्या’ असे म्हणून माणसाला फसवू नये. आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे नमस्कार करावा. अवघड बोलणे झाल्यावर माणसाला टाळत राहणे ही त्याला दिलेली दुसरी शिक्षा होते.

भाषेविषयी एक शब्द. आपल्या कचेऱ्यांतून शिपायाला अरे-तुरे, कारकुनाला तुम्ही आणि साहेबांना आपण, अशी सर्वनामांचीच एक उतरंड असते. चूक दाखवताना ती आणखी एक पायरी खाली घसरते. ज्याला एरवी ‘तुम्ही’ म्हणतो त्याला रागाच्या भरात ‘तू’ म्हटले, की पुढचे सगळे वाया गेले. तो माणूस चूक विसरतो आणि ‘तू’ मात्र जन्मभर लक्षात ठेवतो.

वरिष्ठाला सांगायचे असेल तेव्हा हेच नियम, फक्त एक भर घालून. नुसता विरोध न नेता बरोबर पर्याय न्यावा. ‘हे खाते या नावावर टाकता येणार नाही, पण अमुक खात्यात टाकून समितीची मंजुरी घेता येईल’ असे म्हटले, तर समंजस वरिष्ठ ऐकतो. तरीही त्याने आग्रह धरलाच, तर आपले म्हणणे नम्रपणे लिहून द्यावे. लिहिलेला कागद आवाज चढवीत नाही आणि विसरतही नाही.

आता या सल्ल्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. सर्वच गोष्टी दोघांत बसून मिटवायच्या नसतात. पैशाची अफरातफर झाली असेल, तर दार लोटून समजूत घालणे हा विश्वस्ताचा गुण नव्हे. तेथे आरोप लेखी द्यावा, खुलासा मागवावा, आणि ऐकून घेतल्यावाचून निकाल देऊ नये. सरकारी नोकराला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी न देता बडतर्फ करता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेच्या ३११ व्या कलमात आहे. ते कलम आपल्या संस्थेला लागू नसले, तरी त्यामागचा न्याय कोणत्याही संस्थेला शोभणाराच आहे.

तसेच स्त्रियांच्या बाबतीत. एखाद्या कर्मचारी भगिनीने लैंगिक छळाची तक्रार केली, तर ‘घरातली गोष्ट घरात राहू द्या, आपलेच दात आपलेच ओठ’ असे तिला समजावणारे वडीलधारे पुष्कळ निघतात. १९९७ सालच्या विशाखा खटल्याच्या निकालानंतर आणि विशेषतः २०१३ सालच्या कायद्यानंतर या समजावणीला जागा राहिलेली नाही. जेथे दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत, तेथे अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा, असा नियम आहे. धर्मादाय संस्थाही त्यातून सुटलेल्या नाहीत. जेथे दहांहून कमी माणसे आहेत, तेथील भगिनीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांचे काम तिला गप्प करण्याचे नसून वाट दाखवण्याचे आहे.

शेवटी ऐकणाऱ्याविषयी. आपल्याला कोणी काही सांगायला आले, तर लगेच खुलासा करू नये. एकदा पूर्ण ऐकावे, ‘मला एक दिवस द्या’ म्हणावे, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावे. ज्या संस्थेत सांगणाऱ्याला शत्रू समजतात, तेथे हळूहळू कोणी सांगेनासे होते, आणि मग सारे ठीक चालले आहे असा भास होतो.

न्यासाच्या कार्यकारी मंडळापुढे मी एक लहानशी सूचना ठेवतो. वर्षअखेर हिशेबतपासनीस आपल्या वह्या तपासतात, कारण कायदा तसे सांगतो. त्याच सुमारास अध्यक्ष व चिटणीस यांनी प्रत्येक सेवकाबरोबर, पहारेकऱ्यापासून व्यवस्थापकापर्यंत, अर्धा तास बसावे. काय चांगले झाले, काय अडले, संस्थेकडून काय राहिले, हे दोन्ही बाजूंनी बोलावे. वर्षातून एकदा असे बसण्याची सवय पडली, म्हणजे अवघड गोष्ट निघाली तरी ती आभाळ कोसळल्यासारखी वाटणार नाही.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था काढली त्यांनीही दारोदार जाऊन पैसे मागितले असतील. मागणे हेसुद्धा एक अवघड बोलणेच आहे. दुसऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी ती भीड बाजूला ठेवली, म्हणून आज आपण येथे जमलो आहोत. त्याच मुलांसाठी आपणही एकमेकांशी सरळ बोलावे.